साडूंना न दिसलेला कोल्हा

खोटं बोलणारी माणसं या जगात रग्गड आहेत आणि नेटानं शोधली तर खरं बोलणारीही चार सापडतील. पण ‘मला माहीत नाही’ हे वाक्य एखाद्या पदकासारखं छातीवर मिरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्यांना भाओजी म्हणते, म्हणून मीही भाओजीच म्हणतो. मीरा रोडला माझं औषधांचं दुकान आहे. तिथे येणारा प्रत्येक माणूस आपल्याला काय झालंय ते मला ठामपणे सांगतो, डॉक्टरचं कुठे चुकलं तेही सांगतो आणि वर गोळीचं नाव सांगून मोकळा होतो. दिवसभर असल्या ठाम माणसांत उभं राहिल्यावर संध्याकाळी भाओजी दुकानात शिरले की वाटायचं, देवानं गावभर वाटायचा राहिलेला सगळा संशय या एकाच माणसात भरून ठेवलाय.

त्यांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. “ताई घरी आहेत का?” असं विचारलं तर म्हणायचे, “मी निघालो तेव्हा होती.” “बाहेर पाऊस आहे का?” “स्टेशनपाशी होता.” हे सांगत असताना त्यांच्या छत्रीचं पाणी माझ्या काउंटरवर ठिबकत असायचं. एकदा नया नगरातले माझे जुने गिऱ्हाईक शेखभाई मोबाइल पुढे करत धावत आले. त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली साप शिरला होता. “साब, देखो ना, जहरीला है क्या?” भाओजींनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला, लहान केला आणि म्हणाले, “भाई, इसमें सिर्फ पूँछ दिख रही है.” “पूँछ से समझता नहीं क्या?” “समझता है. लेकिन बोल नहीं सकता.” शेखभाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा माणूस माझा नातेवाईक असल्याचं मी त्या दिवशी कबूल केलं नाही. पण भाओजी त्यांच्याबरोबर गेले आणि जिन्यासमोर उकिडवे बसले. वरचे लोक वर अडकले, खालचे लोक खाली खोळंबले, कुणाचा दूधवाला परत गेला. सापानं डोकं बाहेर काढलं तेव्हाच भाओजी उठले आणि म्हणाले, “धामण है. कुछ नहीं करती.” मग तिला पिशवीत घालून ते सरळ डोंगराच्या बाजूला निघाले. शेखभाई अजून ती गोष्ट सांगतात आणि प्रत्येक वेळी साप थोडा लांब करतात.

हा माणूस पोटासाठी नेमकं काय करतो, हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं ‘मुलगा जंगलाच्या कामात आहे’ एवढंच सांगितलं होतं. सासरे रत्नागिरीकडचे, सगळा जन्म कारखान्यात गेलेला. जंगल म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे पेन्शन, असं त्यांनी मनाशी धरलं आणि भावकीत ‘जावई फॉरेस्टात साहेब आहे’ म्हणून सांगून टाकलं. साहेबांना ना गणवेश होता, ना गाडी, ना कायमची नोकरी. एखाद्या संस्थेचा किंवा कंपनीचा प्रकल्प निघायचा तेवढ्यापुरते भाओजी तज्ज्ञ असत. प्रकल्प बदलला की प्राणी बदलायचा. कधी वटवाघळं, कधी चिखलातले खेकडे, कधी खाडीवर येणारे रोहित पक्षी. दोन प्राण्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत ते घरी अकरावी-बारावीच्या मुलांना बुककीपिंग शिकवायचे. सासऱ्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “यांची बदली कशी काय होत नाही रे कधी?” मी म्हटलं, “जावई कामाचा माणूस आहे, सोडत नाहीत.” सासरे त्यावर खूश झाले.

बुककीपिंगचं कारण असं, की भाओजी मुळात कॉमर्सचे. प्राणिशास्त्राची पदवी त्यांनी नोकरी सांभाळून नंतर घेतली. पहिली नोकरी ऑडिटच्या ऑफिसात होती आणि काम होतं गोदामांत जाऊन माल तपासायचं. एकदा एका गोदामात छताला टेकलेल्या खोक्यांच्या थप्प्या होत्या. मालक म्हणाला माल आहे, मॅनेजर म्हणाला माल आहे, यांचा स्वतःचा साहेब म्हणाला, लिहून टाक आणि चल, जेवायची वेळ झालीय. यांनी मागच्या रांगेतलं एक खोकं सहज उचललं, तर ते हातात अलगद वर आलं. रिकामं. मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या. त्या दिवशी या माणसानं मनाशी ठरवलं, की आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही. पुढे मीठ तपासायला भाईंदरच्या मिठागरात पाठवलं, तर हे आगराच्या पाण्यात उभे असलेले पक्षी मोजत बसले आणि मीठ राहून गेलं. ऑफिसनं त्यांना काढलं की त्यांनीच ऑफिस सोडलं याबद्दल दोन मतं आहेत. भाओजींना विचारलं तर म्हणतात, दोन्ही एकाच वेळी झालं असावं.

मुलगी बघायला आले तेव्हाही हाच प्रकार. पोहे झाले, चहा झाला, ताईंनी पदर सावरून चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि सासऱ्यांनी घसा खाकरून विचारलं, “मग, पसंत आहे का?” भाओजी म्हणाले, “एकदा बघून कसं सांगता येईल?” हे गृहस्थ पुन्हा आले, त्यानंतर पुन्हा एकदा आले आणि तिसऱ्या भेटीत ताईच चिडून म्हणाल्या, “आता माझी पसंती विचारा, नाहीतर पोहे मिळायचे नाहीत.” लग्न झालं. फ्रीजमध्ये काय काय ठेवलं जाणार आहे हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. एका पाडव्याला त्यांनी श्रीखंडाचा म्हणून जो डबा ताटाशेजारी उघडला त्यात वाळकी विष्ठा होती आणि झाकणावर भाओजींच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती, ‘बहुधा उदमांजर’. ताईंना घाणीपेक्षा त्या ‘बहुधा’चा राग जास्त आला. तेव्हापासून दिवाळीला आमच्या घरून त्यांच्याकडे फराळ जातो, त्या डब्यांवर माझी मुलगी ‘बहुधा चकली’, ‘बहुधा लाडू’ अशा चिठ्ठ्या चिकटवते आणि भाओजी त्या अगदी गंभीरपणे वाचून मग झाकण उघडतात.

सासरे गेले त्या सकाळी मला हा स्वभाव पहिल्यांदा वेगळा दिसला. भाओजी हॉस्पिटलात सगळ्यांच्या आधी पोचले होते. मी दुकानातून फोन केला, “भाओजी, बाबा गेले का हो?” ते म्हणाले, “डॉक्टर तसं म्हणतायत. मी अजून आत गेलो नाही.” मला इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला. मी पोचलो तेव्हा ते आत होते. सासऱ्यांचा हात हातात घेऊन बसले होते, बराच वेळ बसले होते असं नर्स म्हणाली. बाहेर आले, दार हळूच ओढून घेतलं, ताईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “गेले.” डॉक्टरनं सांगितल्यापासून ताई ताठ उभ्या होत्या. त्या एका शब्दानं त्या खाली बसल्या. जो माणूस पाहिल्याशिवाय बोलत नाही, तो बोलला की मग काही शिल्लक राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता कोल्ह्याचं सांगतो. त्याच्याशिवाय भाओजींचं काहीच सांगून होणार नाही.

एखाद्या ठिकाणी रस्ता काढायचा असला की तिथे कोणती झाडं, कोणते प्राणी आहेत याचा अहवाल आधी द्यावा लागतो. असे अहवाल करून देणाऱ्या कंपन्या असतात आणि त्यांना भाओजींसारखी माणसं लागतात. या धंद्यात टेबलावर बसून जुन्या अहवालातली यादी नव्यात उतरवणारेही बरेच. अशाच एका कंपनीनं मिठागराच्या अहवालात शेकरू घातली होती. शेकरू म्हणजे उंच झाडांवरून उड्या मारणारी मोठी खार, आणि मिठागरात तर झाडाच्या नावानं एक काडी नाही. भाओजी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, “तिला चढायला एक झाड तरी दाखवा,” आणि काम सोडून घरी आले. त्यांच्या धंद्यात तेव्हापासून त्यांचं नाव झालं. हा माणूस नसलेलं लिहीत नाही, असं लोक म्हणू लागले. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्त होता.

म्हणूनच खाडीकाठच्या चौक गावाअलीकडच्या कांदळवनातून, म्हणजे तिवरांच्या रानातून, एक जोडरस्ता काढायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं. भाओजी रोज सकाळी गुडघाभर चिखलात उतरायचे आणि आखून दिलेल्या रेषांवरून दुपारपर्यंत चालायचे. बगळे लिहिले, खंड्या लिहिला, मुंगूस लिहिलं, खेकड्यांच्या जाती लिहिल्या. कोल्हा दिसला नाही. चिखलात पावलं होती, पण कुत्र्याची आणि कोल्ह्याची पावलं सारखीच असतात आणि तिथे कुत्रीही पुष्कळ, म्हणून ‘नक्की सांगता येत नाही’ असं लिहिलं. गावात सुकी मासळी विकणाऱ्या मावशी त्यांना म्हणाल्या, “कोला हाय ना. आमच्या कोंबऱ्या नेतो मेला.” भाओजींनी मान डोलावली. त्यांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी ताई सुके बोंबील घ्यायला म्हणून त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. काम आटोपलं, बोंबील झाले, आणि दोघं दिवेलागणीच्या सुमाराला चौकच्या बसथांब्यावर बसली होती. तेवढ्यात तिवरांच्या आतून एक कुई उठली. मग दुसरी आली आणि मग चहूबाजूंनी कोल्हेकुई सुरू झाली. ताईंनी भाओजींचा हात घट्ट धरला. हे सगळं ताईंनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मीही तिथे होतो असं वाटतं.

“अहो, कोल्हे!”

“असावेत.”

“असावेत काय? सगळं रान ओरडतंय! लिहा ना.”

“कामाची वेळ संपली. आणि दिसले कुठे?”

“मी ऐकलं ना माझ्या कानांनी.”

“तू कामावर नाहीस,” भाओजी म्हणाले. ताई सांगतात, हे म्हणताना ते हसत होते, डोळे मिटून ऐकत होते आणि बस आली तरी उठत नव्हते.

अहवालात कोल्ह्यापुढे त्यांनी लिहिलं, ‘आढळला नाही’. ते खरंच होतं. त्यांच्या मते त्याचा अर्थ एवढाच, की अमुक दिवस, अमुक वेळी, मी चाललो त्या वाटेवर मला दिसला नाही. अहवाल वाचणारा माणूसही आपल्यासारखाच असेल, तोही एवढंच वाचेल आणि पुढे आणखी कोणाला तरी बघायला पाठवेल, अशी त्यांची खात्री होती. ज्या माणसाला जन्मभर कशाचीच खात्री नव्हती त्याला नेमकी हीच खात्री वाटावी, याला काय म्हणायचं?

जनसुनावणीला मी, ताई आणि भाओजी तिघंही गेलो होतो. हॉलमध्ये पंखे घरघरत होते. गावातली एक मुलगी उठून म्हणाली, की आत कोल्हे आहेत, रस्ता झाला तर मरतील. मंचावरच्या कंपनीच्या माणसानं अहवाल उंच धरला. “मॅडम, आम्ही तज्ज्ञ माणूस पाठवला होता. नसलेलं लिहीत नाही म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांनी लिहिलंय, आढळला नाही.” भाओजी उठून उभे राहिले. “तो मीच,” ते म्हणाले. “आढळला नाही म्हणजे तिथे नाही, असं नाही.” कंपनीचा माणूस फार नम्रपणे म्हणाला, “सर, तुम्ही पाहिलात का कोल्हा?”

आता एका शब्दाचं काम होतं. ताईंनी त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “हो म्हणा. अहो, हो म्हणा ना.” मीही मनात म्हणत होतो, म्हण बाबा एकदा. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. भाओजींनी ओठ उघडले, मिटले, आणि म्हणाले, “पाहिला नाही. ऐकला.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मंचावरचा माणूस म्हणाला, “आवाज काय, कुत्र्याचाही असतो,” आणि पुढच्या माणसाला बोलवलं. परतताना बसमध्ये ताई त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. मला भाओजींचा राग आला होता, अजून येतो. आणि राग येतो तेव्हाच हेही आठवतं, की ते ‘हो’ म्हणाले असते तर त्या दिवसापासून त्यांच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसला नसता.

रस्ता झाला. चांगला रुंद झाला, दुभाजकात फुलझाडं लावली. मधल्या काळात भाओजी रोज संध्याकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून चौकला जात राहिले. कोणी पाठवलं नव्हतं, कोणी अहवाल मागितला नव्हता. काम मिळणंही बंद झालं होतं. कंपन्यांना हा माणूस जनसुनावणीत उठून उभा राहणारा वाटला, आणि झाडं-प्राणी वाचवणाऱ्या लोकांना तो आपली बाजू बुडवणारा वाटला. बुककीपिंगची मुलं तेवढी वाढली.

मग एका सकाळी तिकडच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला. नव्या रस्त्याच्या कडेला काहीतरी मरून पडलंय. त्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेलं, का ते सांगितलं नाही. कोल्हा होता. मादी होती. लांबून कुत्रं वाटावं इतकी साधी, भुरकट, कानांमागे तांबूस, आणि शेपटीचा झुपका चिखलानं चिकटलेला. भाओजी सवयीनं उकिडवे बसले, खिशातून टेप काढली, लांबी घ्यायला थोडीशी ओढली आणि तशीच धरून राहिले. बाजूनं ट्रक गेला की मादीची लव हलायची. बऱ्याच वेळानं त्यांनी टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. “दिसला,” ते म्हणाले. मी आयुष्यात ऐकलेला हा सगळ्यात वाईट शब्द आहे.

तिला आम्ही तिवरांच्या कडेला पुरलं. येताना भाओजी मासळीवाल्या मावशींपाशी थांबले. घ्यायचं काही नव्हतं, नुसतेच थांबले. मावशी आपण होऊन बोलल्या, “आता बरा हाय, भाऊ. कोंबऱ्या भायेर रेल्या तरी कोन न्हाय नेत.” त्यांचा काही दोष नव्हता, त्या बाईच्या कोंबड्या वाचत होत्या. भाओजींनी मान डोलावली आणि अर्धा किलो बोंबील घेतले.

त्यानंतरही ते जातच राहिले. कधी ताई जातात, दुकान लवकर बंद करता आलं तर कधी मी जातो. चौकचा तो बसथांबा अजून आहे. समोर तिवरं होती तिथे आता ओळीनं दिवे लागतात. ताई थर्मासमधून चहा ओततात आणि दर वेळी तोच प्रश्न विचारतात, “आहेत का हो अजून आत?” भाओजी दर वेळी रस्त्यापलीकडे उरलेल्या तिवरांकडे बघून म्हणतात, “सांगता येत नाही.” हे उत्तर ऐकून ताईंना पूर्वीसारखाच राग येतो आणि मला उगीच बरं वाटतं. सांगता येत नाही, म्हणजे सासऱ्यांच्या खोलीचं ओढलं होतं तसं दार या माणसानं अजून ओढून घेतलेलं नाही.

परवा तिघं गेलो होतो. भाओजी हल्ली थकलेत. दुर्बीण गळ्यात असते, पण डोळ्यांना फारशी लावत नाहीत. दिवे लागले, ताईंनी चहा दिला आणि विचारलं, “आहेत का हो अजून आत?”

भाओजींनी कप दोन्ही हातांत धरला. रस्त्याकडे पाहिलं नाही, ताईंकडे पाहिलं.

“आहेत,” ते म्हणाले.

ताईंचा थर्मास अर्ध्यावर थांबला. “दिसले?”

“नाही.”

“ऐकू आले?”

“नाही,” भाओजी म्हणाले. “पण आहेत. तू काळजी करू नकोस.”

ताईंनी झाकण लावलं आणि हळूच त्यांच्या जवळ सरकून बसल्या. त्यांनाही कळलं होतं, ते दार आता ओढलं गेलंय. बस यायला वेळ होता, आणि या माणसानं एकदा, फक्त एकदा, ‘सांगता येत नाही’ म्हणावं म्हणून मी ती येईपर्यंत वाट पाहत राहिलो.